फळा आणि दहावा माणूस

काका निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि त्यांनी स्वतःला एक कॉम्प्युटर दिला. घड्याळ काकूंनी स्वयंपाकघरात लावलं. कॉम्प्युटर बसला बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, जिथे काकूंना शिवणयंत्र ठेवायचं होतं. पुढे कित्येक वर्षं घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काकू सांगायच्या, "ह्याच्यापायी माझी मशीन गेली." आणि काका लगेच म्हणायचे, "गेली नाय, आतल्या खोलीत हाय. अगदी सुखरूप हाय. कोणी हात पण लावत नाय तिला."

नात्याने ते आमचे कोणी नव्हते. डोलवीच्या प्लांटमध्ये लागण्याआधी माझे बाबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत त्यांच्या हाताखाली होते. बाबा त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून आम्ही काका म्हणायचं. त्यांचं घर रोह्याला लागून असलेल्या अष्टमी गावात, कुंडलिकेच्या पुलाच्या अलीकडे. ते बेने इस्रायल, म्हणजे आमच्या कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे आणि शेवटी दोन्ही मुलगे असे एकेक करून इस्रायलला गेले. काका मागे राहिले आणि त्यांनी घरच्या फोनला कॉम्प्युटर जोडला.

ते काय होतं ते आज सांगायला सोपं आहे, तेव्हा फार अवघड होतं. ज्याच्याकडे कॉम्प्युटर आणि मोडेम आहे अशा कोणीही काकांच्या नंबरावर फोन लावायचा. फोन काका उचलायचे नाहीत, त्यांचा कॉम्प्युटर उचलायचा. मग समोर पडद्यावर लोकांनी लिहून ठेवलेले निरोप दिसायचे, ते वाचायचे आणि आपला निरोप खाली लिहून ठेवायचा. एका वेळी एकच माणूस. दुसऱ्याला एंगेज लागायचा. काका त्याला इंग्रजीत बुलेटिन बोर्ड म्हणायचे, काकू फळा म्हणायच्या. अर्थातच फळा हेच नाव राहिलं. 'इंटरनेट हा शब्द रायगडात कोणी ऐकला नव्हता तेव्हा इथे फळा चालू होता.' हे वाक्य माझं नाही, काकांचं आहे. ते इतक्या वेळा ऐकलंय की मला पाठ झालंय.

आमचं घर पेणेला, आणि पेणेहून रोह्याला फोन लावायचा म्हणजे एसटीडी पडायचा. म्हणून पेणेला फळ्याचं दुसरं टोक हवं, असं काकांनी ठरवलं आणि एका रविवारी आपला जुना कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, एसटीने ते आमच्याकडे आले. पेणेतल्या लोकांनी आमच्या नंबरावर निरोप ठेवायचे आणि रोज पहाटे, फोनचे दर कमी असताना, आमच्या मशीनने रोह्याच्या मशीनला फोन करून सगळ्यांची एकगठ्ठा देवाणघेवाण करायची. पहाटे तो मोडेम किंचाळायला लागला की आई पांघरुणातून म्हणायची, "उठले तुझे काका."

मशीन सांभाळायची कोणी, तर मी. पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स करून मी नुकतीच घरी बसले होते. पाहुणे आले की आत जाणारी मुलगी अशी माझी ख्याती होती. त्या दिवशीही मी दाराआड उभी होते. काकांनी बाबांना विचारलं, "ही बोलत नाय का?"

"लागेल तेवढं बोलते," बाबा म्हणाले.

"उत्तम. मशीन सांभाळणाऱ्याने मध्ये बोलूच नये." हा नियम करून ते पुढे दोन तास बोलले.

मला वाटलं होतं, मशीन सांभाळायची म्हणजे माणसांशी संबंध येणार नाही. पण पेणेत मोडेम होते चार-पाच जणांकडे. बाकीचे सरळ आमच्या ओटीवर यायचे आणि निरोप तोंडी सांगायचे. मी इंग्रजी शाळेतली. मराठी वाचताना अजून अडखळायचे, पण इंग्रजी अक्षरांत मराठी बोलणं भराभर टाइप करता यायचं. दहा वर्षांच्या इंग्रजी शिक्षणाचा आमच्या गावाला झालेला उपयोग तो एवढाच. गणपतीच्या कारखान्याचे मालक यायचे आणि रोह्याच्या मंडळासाठी सांगायचे, "लिही, देवाचा डावा हात अजून ओला हाय. मला विचारू नका, पावसाला विचारा." पोहे-पापड विकणाऱ्या एक बाई होत्या, त्यांची बहीण रोह्याला.

"लिही, मी तिच्यावर रागावलेय."

मी लिहिलं.

"नाय गो, असं हळू नको. जरा मोठ्याने लिही."

मी सगळी अक्षरं कॅपिटल केली. त्यांनी पडदा निरखून पाहिला आणि मान डोलावली. "आता कसं. आता ऐकू जाईल तिला."

त्या फळ्यावर दिवसभर मी बोलत असायचे आणि त्यात माझं एक वाक्य नसायचं. मला ते फार आवडायचं. स्वतःच्या नावाने मी तिथे कधीच काही लिहिलं नाही.

हा सगळा खटाटोप मुळात कशासाठी, ते मला काकूंनी सांगितलं. मशीनची डिस्क बदलायला मी अधूनमधून अष्टमीला जायचे. अशाच एका सकाळी काकू मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या आणि न विचारता माझ्यापुढेही एक मूठ टाकली होती. आतून काका ओरडून विचारत होते, "बिरडं हाय ना आज?"

"हाय. सोलायला येताय?"

आतून आवाज बंद झाला.

"आमच्या मोठ्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात," काकू म्हणाल्या. "नऊ असले की नाय चालत. आधी आळीत नुसती हाक मारली तरी जमायचे. आता नागोठण्यातून एक, अलिबागेकडून दोन, पेणेकडून एक, असे वेचून आणायला लागतात. कोण येणार, कोण नाय, ते आधी कळावं म्हणून ह्यांनी फळा मांडला. तुमचे गणपती नि पापड मागाहून आले."

सगळ्यात मोठा सण त्यांचा दरफळणीचा. आदल्या दिवशी सूर्य बुडायच्या आत जेवून घ्यायचं, मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत कडक उपास. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घ्यायची आणि बाहेरच्या कोणाशी बोलायचंदेखील नाही. त्या सणावर नवरा-बायकोत एक करार झालेला होता. मुलगे दर वर्षी बोलवायचे, काका दर वर्षी टाळायचे. शेवटी ठरलं की ज्या वर्षी दरफळणीला दहा जमणार नाहीत, त्या वर्षी घराला कुलूप लावून मुलांकडे जायचं, कायमचं.

तुम्हाला स्वतःला काय हवंय, असं विचारायचं होतं, पण मी विचारत नाही. काकूंनी तरीही उत्तर दिलं. "मी देवाकडे मागताना दहाच मागते गो. पण बॅग भरून ठेवलेली हाय. नऊ झाले तर असू दे." आणि त्यांनी कॉम्प्युटरवर ठेवलेल्या फोटोकडे पाहिलं. त्यात त्यांची नात होती, जिला त्यांनी अजून मांडीवर घेतलं नव्हतं.

काका मात्र फळ्यावर कधी काळजी दिसू द्यायचे नाहीत. प्रत्येक सणानंतर त्यांची जाहीर नोंद यायची, 'उपस्थिती प्रचंड. बसायला जागा नव्हती.' खरं म्हणजे निम्मे बाक कायम रिकामे असायचे.

शनिवार हा त्यांचा शब्बाथ, कुठल्याही कामाला हात न लावायचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत रोह्याची मशीन बंद व्हायची ती शनिवारी अंधार पडल्यावर उघडायची. गावातले लोक चेष्टा करायचे की काकांच्या कॉम्प्युटरलाही आठवड्याची सुट्टी आहे. पण पेणेच्या मशीनचं काय? ती हिंदूच्या घरात, हिंदू मुलगी सांभाळते, पण मशीन ज्यूची. काकांनी ह्यावर खूप विचार केला, मुलाला पत्र लिहून तिथल्या जाणकारांना विचारायला सांगितलं आणि उत्तर यायच्या आत स्वतःच निकाल दिला. छताकडे बघत ते मला म्हणाले, "शनिवारी पेणची मशीन चालू असते का बंद, हे मला माहीत नाय. मी तुला चालू ठेव असं कधी बोललो नाय. आणि तू पण मला काय सांगायचं नाय."

मी मान हलवली. मशीन चालू राहिली. रविवारी शनिवारचे निरोप आलेले पाहून काकांना दर आठवड्याला नव्याने आश्चर्य वाटायचं.

अशी चार-पाच वर्षं गेली. पनवेलला लोक इंटरनेटचं कनेक्शन घ्यायला लागले. फळ्यावरची गर्दी ओसरली आणि फळ्याची मूळ गर्दीही. अलिबागेकडच्या दोघांपैकी एकजण इस्रायलला गेला. त्या वर्षी काकांनी दरफळणीची तारीख फळ्यावर टाकली आणि खाली आलेल्या नावांत एकही नाव जास्तीचं नव्हतं. बरोबर दहा. त्यातला दहावा माणूस आमच्या ओटीवरून आला होता.

डोलवीच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला एका गावात एक ज्यू आजोबा एकटे राहायचे. त्यांच्या घरी पूर्वी तेलाचा घाणा होता. आता घाणा नव्हता, फोन नव्हता, कोंबड्या होत्या. गणपतीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी ते पेणेला आले आणि मला म्हणाले, "लिही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सूर्य बुडायच्या आत हजर होतो." मी अक्षर न बदलता लिहिलं. काकांनी तिकडे वाचलं, 'हजर' एवढंच पाहिलं आणि माणूस मोजला.

मग नवरात्र आलं. एका दुपारी मी बाहेर निघाले होते, तर आई म्हणाली, "फुलवाल्याला झेंडू सांगून ये. परवा दसरा आहे."

"परवा?"

"मग काय आज?"

मी कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिले. दसरा परवाच होता. म्हणजे आजोबा उद्या संध्याकाळी येणार होते. आणि काकांच्या तारखेप्रमाणे दरफळणी लागत होती आज संध्याकाळी. गेल्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले होते, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. काका मुलांनी पाठवलेल्या कॅलेंडरवर सण धरायचे आणि आजोबा, त्यांच्या बापाने धरला तसा, आमच्या पंचांगावर. उद्या संध्याकाळी आजोबा उपास धरायला पोचले असते तेव्हा बाकीचे उपास सोडायच्या तयारीत असते.

मी रोह्याला फोन लावला. फोनवर बोलायचं म्हणजे मला आधी वाक्य मनात पाठ करावं लागायचं. त्या दिवशी पाठ करायला वेळ नव्हता. सणासाठी रोह्याची मशीन बंद केलेली होती, म्हणून फोन काकूंनी उचलला. काका केव्हाच प्रार्थनामंदिरात दिवे पुसायला गेले होते. मी सगळं सांगितलं.

पलीकडे काकूंच्या मागे स्वयंपाकघरातलं ते कंपनीचं घड्याळ ऐकू येत होतं.

"म्हणजे नऊच," काकू म्हणाल्या.

"हो."

मला तो कॉम्प्युटरवरचा फोटो आठवला आणि भरलेली बॅग आठवली. फोन केला ते चुकलंच असं वाटायला लागलं.

"हे बघ गो," काकू शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज अगदी काकांसारखा लागला, छताकडे बघून बोलल्यासारखा. "आज तुझा फोन मला आला नाय. तू मला काय सांगितलं नायस. मी तुला तिकडे जा असं पण बोलले नाय, जाऊ नको असं पण बोलले नाय. ठेवू?"

त्यांनी ठेवला. मी चप्पल घातली.

सहा आसनी विक्रम रिक्षात स्वतःला कोंबून घेत मी त्या गावी पोचले, तेव्हा आजोबा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी म्हटलं, "आजोबा, सण आज आहे."

"नाय. उद्या सांजचा लागतो. दसऱ्याला दरफळणी."

"काकांच्या कॅलेंडरमध्ये आज आहे."

"त्याचं कॅलेंडर कुठलं? तिकडचं. तिकडचा चंद्र येगळा असंल. माझा बाप दसऱ्यालाच धरायचा. पंचांग काय खोटं बोलतं काय?" मग त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू आमच्यातली नाय, नि मला आमचा सण शिकवतेस व्हय?"

एक ज्यू म्हातारा पंचांगाची बाजू घेऊन भांडत होता आणि मी, जिला एकादशी केव्हा असते तेही आईला विचारावं लागतं, इस्रायलच्या कॅलेंडरची. एरवी मी इथेच परत फिरले असते.

"आजोबा, तुमचंच बरोबर असेल," मी म्हटलं. "पण बाकीचे सगळे आज तिथे येऊन थांबलेत. आणि ते नऊच आहेत."

त्यांचा हात दाण्यांच्या सुपात थांबला. "नऊ?"

"नऊच."

"खोटं. दर साल फळ्यावर लिहितो ना तो, बसायला जागा नाय म्हनून? तूच वाचून दाखवलंस."

"काका तसं लिहितात."

आजोबांना ते पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे आलं त्याला मी आनंदच म्हणेन. "म्हणजे मी दहावा हाय?"

"तुम्ही दहावे आहात."

"मग आधी नाय सांगायचं? मना वाटायचं, एवढ्या गर्दीत म्हातारा असला काय, नसला काय." सूप तिथेच टाकून ते आत गेले. कोंबड्या सुपात चढल्या. बाहेर आले ते कडक पांढऱ्या कपड्यांत, डोक्यावर टोपी, हातात भाकरी-कांद्याची पुरचुंडी. "तारीख त्याची चुकलेलीच हाय," ते कडी लावत म्हणाले. "पन दहावा म्हनल्यावर काय करायचं."

वडखळला रोह्याची एसटी मिळाली, तीही भरलेली. आजोबा पायरीवरूनच कंडक्टरला म्हणाले, "जरा जागा कर रे. मी दहावा हाय."

"आजोबा, तुम्ही सत्तरावे असाल. मागे सरका."

ते मागे सरकले, पण गप्प बसले नाहीत. नागोठण्यापर्यंत अख्ख्या गाडीला कळलं होतं की म्हातारा दहावा आहे. कशात दहावा, ते कोणालाच नीट कळलं नाही, तरी एका बाईने उठून त्यांना जागा दिली. भाकरी त्यांनी गाडीतच खाल्ली आणि खिडकीतून सूर्य किती राहिलाय ते मला सारखं बघायला लावलं.

आम्ही अष्टमीत उतरलो तेव्हा ऊन छपरांवरच उरलं होतं. प्रार्थनामंदिराच्या दारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं उभी होती आणि त्यांच्यापुढे काका. रस्त्याकडे बघत, दोन्ही हात मागे बांधून. इतके गप्प की मी आधी त्यांना ओळखलंच नाही. आजोबा मला मागे टाकून तुरुतुरु पुढे गेले आणि आत शिरता शिरता काकांना सुनावून गेले, "कॅलेंडर फेकून दे ते."

काकांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सण लागायला काही क्षण उरले असतील. बोलायला हरकत नव्हती, पण त्यांना काही सुचेना. मला ह्या माणसाची इतकी वर्षांची ओळख, आणि त्यांच्या तोंडातून शब्द फुटत नाही असं मी पहिल्यांदाच पाहत होते. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं.

"काका," मी म्हटलं, "दहा."

त्यांनी मान हलवली, अगदी मी हलवते तशी, आणि दार लावून घेतलं. बायकांच्या बाजूने आत जाता जाता काकू क्षणभर थांबल्या होत्या. त्यांनी माझ्या गालाला हात लावला आणि एक सुस्कारा सोडला. तो कशाचा होता ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

सण झाल्यावर फळ्यावर नोंद आली, 'उपस्थिती प्रचंड. बसायला जागा नव्हती.'

करार पाळला गेला. दहा जमले, काका राहिले. पण त्यानंतर महिन्याभरात काकूंनी ती भरलेली बॅग उचलली आणि तीन महिन्यांसाठी नातीकडे जायला निघाल्या. काका म्हणाले, हा करारात दगा आहे. काकू म्हणाल्या, "दहा तुम्ही पुरुष मोजता. मला कधी मोजलंत? मग मी कशाला अडकून पडू?" ह्याच्यावर काका दोन दिवस विचार करत होते, असं बाबांनी सांगितलं. काकू तेवढ्यात विमानात बसल्या.

त्यानंतर चौथ्या की पाचव्या दिवशी फळ्यावर काकांचा निरोप आला. 'सर्व सभासदांस. वालाचं बिरडं कसं करतात? त्वरित कळवा.' फळा ओसरला होता म्हणतात, पण तसली गर्दी मी पुन्हा पाहिली नाही. रोह्याच्या एका डॉक्टरांच्या बायकोने लिहिलं, कारखान्याच्या मालकांनी लिहिलं, पोहेवाल्या बाईंनी ओटीवर बसून मोठ्याने, कॅपिटल अक्षरांत लिहायला लावलं. कोणी म्हणे गूळ, कोणी म्हणे आमसूल, कोणी म्हणे नारळाचं दूध. भांडणं झाली. पण एवढ्या सगळ्यांत वाल आधी सोलायचे, हे लिहायचं सगळेच विसरले, कारण ते कोणाला सांगावं लागतं असं कोणाला वाटलंच नाही. दुसऱ्या दिवशी काकांची तक्रार आली की बिरडं नीट होत नाय, सालं दातांत अडकतात.

त्या संध्याकाळी ओटीवर कोणी नव्हतं. मी मशीनसमोर बसले आणि कोणाचाही निरोप नसताना, माझा म्हणून, एक लिहिला. 'काका, मोड आले की वाल कोमट पाण्यात टाका आणि एकेक दाबा. साल आपोआप सुटतं. काकू तसंच करतात. तुम्ही आतल्या खोलीत होता.'

दुसऱ्या पहाटे मोडेम किंचाळला, आई "उठले तुझे काका" म्हणाली, आणि उत्तर आलं. 'पेणची मशीन बोलायला लागली काय?'